सामाजिक नियंत्रण, अनुरूपता आणि सुशिक्षितांची संमती : डिस्टोपियन कादंबरीच्या इशाऱ्याचे विवेचन

गोषवारा

डिस्टोपियन कादंबरी म्हणजे भविष्यातील यंत्रांचे आणि हुकूमशहांचे भाकीत, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकातील पाच कादंबऱ्यांच्या आधारे वेगळे प्रतिपादन केले आहे. या कादंबऱ्यांतील नियंत्रण केवळ सत्तेच्या बळावर टिकत नाही. ते चारचौघांसारखे वागण्याच्या सवयीवर टिकते आणि ते उभारण्याचे, चालविण्याचे काम अभियंता, भाषातज्ज्ञ, अधिव्याख्याता, संशोधक अशी सुशिक्षित माणसे करीत असतात. त्यामुळे या साहित्याचा इशारा सत्ताधाऱ्यांइतकाच सुशिक्षित वर्गाला, विशेषतः अध्यापकांना उद्देशून आहे, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : डिस्टोपिया, सामाजिक नियंत्रण, अनुरूपता, भाषा, स्मृती, अध्यापकाची भूमिका

१. प्रस्तावना

इंग्रज विचारवंत थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये लॅटिन भाषेत 'युटोपिया' हा ग्रंथ लिहिला. ग्रीक भाषेतील शब्दांवरून तयार केलेल्या या नावाचा अर्थ 'कोठेही नसलेले स्थान' असा होतो. परंतु उच्चारसाधर्म्यामुळे त्यातून 'उत्तम स्थान' हाही अर्थ ध्वनित होतो. आदर्श समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या साहित्याला पुढे हेच नाव मिळाले. याच्या नेमका उलट अर्थ असणारा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला. अत्यंत वाईट, व्यवहारात आणू नये अशा योजनेचे पुरस्कर्ते, असा त्यांचा रोख होता. साहित्यप्रकार म्हणून 'डिस्टोपिया' ही संज्ञा रूढ झाली ती मात्र विसाव्या शतकात. मराठीत तिला 'दुःस्वप्नलोक' असे म्हणता येईल.

आदर्श समाज आणि दुःस्वप्नलोक यांच्यातील सीमारेषा आपण समजतो तितकी स्पष्ट नसते. डिस्टोपियन कादंबरीतील सत्ता स्वतःला कधीच दुष्ट म्हणवून घेत नाही. सुव्यवस्था, स्थैर्य, सुरक्षितता आणि सुख ही तिची घोषित उद्दिष्टे असतात. म्हणूनच अशा समाजातील बहुसंख्य लोक स्वतःला परतंत्र समजत नाहीत. ही संमती कशी घडते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

विवेचनासाठी पुढील पाच कादंबऱ्या निवडल्या आहेत : येवगेनी झाम्यातिन यांची 'वुई' (लेखन १९२०-२१), आल्डस हक्सले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२), जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९), रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) आणि मार्गारेट अॅटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' (१९८५).

२. सामाजिक नियंत्रण आणि अनुरूपता : संकल्पना

'सामाजिक नियंत्रण' ही संज्ञा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांच्या १९०१ मधील याच नावाच्या ग्रंथामुळे विशेष प्रचलित झाली. समाज टिकून राहण्यासाठी व्यक्तीच्या वर्तनावर काही मर्यादा घालणे आवश्यक असते. कायदा, पोलीस, न्यायालय ही नियंत्रणाची औपचारिक साधने होत. तर रूढी, लोकापवाद, कौतुक, थट्टा ही अनौपचारिक साधने होत. नियंत्रण ही गोष्ट स्वभावतः वाईट नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालविणे हेही नियंत्रणच आहे. प्रश्न निर्माण होतो तो नियंत्रण वर्तनापाशी न थांबता विचार, स्मृती आणि भाषा यांच्यापर्यंत पोहोचते तेव्हा.

अनुरूपता म्हणजे समूहाच्या मताशी किंवा वर्तनाशी स्वतःला जुळवून घेण्याची वृत्ती. तिचे सामर्थ्य सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांतून स्पष्ट झाले. प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक रेषा दाखवून दुसऱ्या पत्रावरील तीन रेषांपैकी तिच्याइतकी लांब रेषा कोणती, एवढाच प्रश्न विचारला जाई. उत्तर उघड असे. परंतु गटातील इतर सर्वजण प्रयोगकर्त्याचे सहकारी असत आणि ते ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या सहभागी विद्यार्थ्याची सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमतासारखी चुकीची आली. सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी बहुमतापुढे झुकले. येथे कोणतीही शिक्षा नव्हती, धमकी नव्हती, पारितोषिकही नव्हते. केवळ एकटे पडण्याची अस्वस्थता होती.

या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गटातील एखाद्याच सहकाऱ्याने बरोबर उत्तर दिले, तर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण पहिल्याच्या सुमारे एक चतुर्थांशावर येई. एका सोबत्यानेही अनुरूपतेची पकड ढिली होते. हे निरीक्षण पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३. नियंत्रणाची साधने : पाच कादंबऱ्या, पाच मार्ग

३.१ गणित आणि वेळापत्रक

झाम्यातिन हे व्यवसायाने जहाजबांधणी अभियंता होते. १९१६-१७ मध्ये रशियासाठी बर्फफोडी जहाजे बांधून घेण्याच्या कामानिमित्त ते इंग्लंडमध्ये राहिले होते. झारच्या राजवटीत आणि नंतर बोल्शेविक राजवटीतही त्यांना कारावास घडला. 'वुई' या कादंबरीतील 'एकमेव राज्या'त माणसांना नावे नसून क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. उठणे, जेवणे, फिरणे, झोपणे यांचे तासांचे कोष्टक सर्वांना समान आहे. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या व्यवस्थापनपद्धतीला या राज्यात थोर तत्त्वज्ञानाचे स्थान आहे. दरवर्षी 'एकमताचा दिवस' साजरा होतो. सर्वजण हात वर करून त्याच 'उपकारकर्त्या'ची पुन्हा निवड करतात. निकाल आधीच ठाऊक असल्याने निवडणूक हा उत्सव बनतो. ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपाने न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात तिला प्रकाशनासाठी १९८८ पर्यंत वाट पाहावी लागली.

३.२ सुख

हक्सले यांच्या कादंबरीत भीतीची जागा सुखाने घेतली आहे. मोटारगाडीचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या नावाने तेथे कालगणना चालते. गर्भ बाटल्यांत वाढविले जातात. एका फलित अंड्यापासून जास्तीत जास्त ९६ एकसारखी माणसे निर्माण होतात. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच जाती असून खालच्या जातीच्या गर्भांना प्राणवायू कमी दिला जातो. झोपेत ऐकविलेल्या वाक्यांमुळे प्रत्येकाला आपलीच जात उत्तम वाटते. मनात अस्वस्थता निर्माण झालीच तर 'सोमा'ची गोळी असते. हे नाव वैदिक वाङ्मयातील सोमावरून घेतले आहे. येथे तुरुंगाची फारशी आवश्यकता भासत नाही.

३.३ भाषा आणि स्मृती

ऑर्वेल यांचे मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतिहारी येथे झाला. १९२२ ते १९२७ या काळात ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी बीबीसीच्या भारतासाठीच्या इंग्रजी कार्यक्रमांचे काम केले. साम्राज्याचा दंडुका आणि युद्धकाळातील प्रचार ही दोन्ही साधने त्यांनी आतून पाहिली होती. 'नाइन्टीन एटी-फोर'मधील टेलिस्क्रीन सर्वांच्या लक्षात राहतो; परंतु कादंबरीतील अधिक भेदक साधने दोन आहेत. पहिले, जुनी वृत्तपत्रे सतत नव्याने छापून भूतकाळ बदलणे. दुसरे, 'न्यूस्पीक' या नव्या भाषेद्वारे शब्दसंख्या वर्षागणिक घटविणे. स्वातंत्र्याची कल्पना व्यक्त करणारा शब्दच उरला नाही, तर स्वातंत्र्याची मागणी कोणत्या भाषेत करणार, असा हा प्रश्न आहे.

३.४ घाई आणि करमणूक

ब्रॅडबरी यांच्या कादंबरीत अग्निशामक दलाचे काम आग विझविण्याचे नसून पुस्तके जाळण्याचे आहे. दलाचा प्रमुख बीटी हा नायक माँटॅगला या प्रथेचा इतिहास सांगतो. त्याच्या मते पुस्तकांवरील बंदी सरकारी हुकमाने सुरू झालीच नाही. लोकांनीच आधी वाचन सोडले. त्यांना सारे काही थोडक्यात, झटपट आणि कोणालाही न दुखावणारे हवे झाले. सरकार नंतर आले. या कादंबरीकडे केवळ पुस्तकबंदीची कथा म्हणून पाहिल्यास तिचा गाभाच निसटतो.

३.५ परंपरा

अॅटवुड यांनी आपल्या कादंबरीसाठी एक दंडक घालून घेतला होता : मानवी इतिहासात कोठेही न घडलेली गोष्ट कादंबरीत घालायची नाही. 'गिलियड' या धर्मसत्ताक राज्यात स्त्रियांचे हक्क एका रात्रीत जातात. आधी त्यांची बँक खाती गोठविली जातात, मग त्यांना नोकरीवरून काढले जाते. निवेदिकेचा पती तिला धीर देतो की, मी तुझी काळजी घेईन. त्याच्या या मायेच्या बोलण्यात नवी विषमता नकळत मान्य झालेली असते. स्त्रियांना नव्या नियमांचे वळण लावण्याचे काम 'आंट' म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियाच करतात.

पाचही मार्ग भिन्न असले तरी त्यांचे गंतव्य एकच आहे. बाहेरून लादलेला नियम माणसाला स्वतःचाच वाटू लागावा, हे ते गंतव्य होय. ऑर्वेल यांच्या कादंबरीतील पार्सन्स हे पात्र याचे उत्तम उदाहरण आहे. झोपेत सत्तेविरुद्ध बोलल्याबद्दल त्याची सात वर्षांची मुलगीच त्याला पकडून देते. कोठडीत त्याला मुलीचा राग येत नाही. उलट आपण तिला योग्य संस्कार दिले याचा त्याला अभिमान वाटतो. जेथे बळी स्वतःच समाधानाने मान डोलावतो, तेथे नियंत्रण पूर्ण झालेले असते.

४. सुशिक्षित माणसाची भूमिका

या कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता एक समान सूत्र लक्षात येते. त्यांतील महत्त्वाची पात्रे निरक्षर किंवा असहाय नाहीत. ती शिकलेली, कुशल आणि पदावर असलेली माणसे आहेत.

'वुई'चा निवेदक डी-५०३ हा गणितज्ञ आणि अवकाशयानाचा प्रमुख निर्माता आहे. राज्याची सुव्यवस्था इतर ग्रहांवर नेणारे यान तो अभिमानाने बांधतो. आय-३३० या स्त्रीच्या सहवासात त्याच्या मनात शंका जागी होते. परंतु अखेर शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि तिचा छळ तो शांतपणे पाहतो. तर्कशक्ती शाबूत असूनही कल्पनाशक्ती गेल्यास माणुसकी कशी जाते, याचे हे चित्र आहे.

'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'च्या आरंभी विद्यार्थ्यांचा एक गट संचालकांचा प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेताना दिसतो. खालच्या जातीच्या तान्ह्या मुलांना पुस्तके आणि फुले यांची घृणा वाटावी म्हणून विजेचे धक्के दिले जातात, ते या विद्यार्थ्यांसमोरच. एक विद्यार्थी शंका विचारतो. पुस्तकांचे कारण त्याला समजते. पण फुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, एवढेच त्याला कळत नाही. प्रश्न विचारण्याची मुभा आहे, पण तो प्रश्न कार्यपद्धतीचा आहे, योग्यायोग्यतेचा नाही. अध्यापकाने या प्रसंगापाशी थांबून विचार करावा. आपल्या वर्गात प्रश्न विचारले जातात की नाही, एवढे पाहणे पुरेसे नाही; ते कोणत्या जातीचे प्रश्न आहेत, हेही पाहावे लागते.

याच कादंबरीतील जगाचा एक नियंत्रक मुस्तफा माँड हा तरुणपणी उत्तम पदार्थविज्ञानी होता. स्वतंत्र संशोधन करून हद्दपारी पत्करायची की संशोधन सोडून सत्तेत जायचे, असा पर्याय समोर येताच त्याने सत्ता निवडली. त्याच्या उलट हेल्महोल्ट्झ वॉटसन हा अधिव्याख्याता आहे. भावनिक अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात तो लेखनकला शिकवितो. एकदा तो वर्गात एकांताविषयीची स्वतःची कविता वाचतो. विद्यार्थी प्राचार्यांकडे तक्रार करतात. शेवटी त्याला हद्दपार व्हावे लागते. तेव्हाही तो वाईट हवामानाचे बेट मागून घेतो, कारण तेथे आपल्याला अधिक चांगले लिहिता येईल असे त्याला वाटते. माँड आणि वॉटसन या दोघांची बुद्धी समान आहे. फरक आहे तो किंमत मोजण्याच्या तयारीत.

'नाइन्टीन एटी-फोर'चा नायक विन्स्टन स्मिथ स्वतः सत्यमंत्रालयातील कर्मचारी आहे. मनात तो सत्तेचा विरोधक आहे. पण खोट्या नोंदी तयार करण्याच्या कामात त्याला खरा आनंद मिळतो. अस्तित्वातच नसलेला एक वीर सैनिक तो कल्पनेने निर्माण करतो आणि आपल्या कारागिरीवर खूश होतो. त्याचा परिचित साइम हा भाषाशास्त्रज्ञ न्यूस्पीकच्या कोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करीत आहे. शब्द नष्ट करण्याच्या सौंदर्याविषयी तो उत्साहाने बोलतो. पुढे एके दिवशी साइमच नाहीसा होतो. व्यवस्थेला त्याची निष्ठा पुरेशी वाटत नाही. त्याची तीक्ष्ण बुद्धीच तिला धोकादायक वाटते. आपल्या कामात निपुण असणे आणि त्या कामाचा हेतू न विचारणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की नियंत्रणाचे यंत्र सुरळीत चालते.

'फॅरनहाइट ४५१'मधील फेबर हा निवृत्त इंग्रजीचा प्राध्यापक आहे. विद्यार्थी आणि आश्रय यांच्या अभावी मानव्यविद्यांचे शेवटचे महाविद्यालय बंद पडले, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. परिस्थिती कोणत्या दिशेने जात आहे हे आपल्याला दिसत होते, बोलणे शक्य होते, तरी आपण बोललो नाही, अशी कबुली तो माँटॅगजवळ देतो. तो स्वतःला भित्रा म्हणतो. फेबरने कोणाचे वाईट केलेले नाही. त्याने फक्त वेळेवर तोंड उघडले नाही. महाविद्यालयीन अध्यापकाला या पात्रात स्वतःचे प्रतिबिंब दिसल्यास ते अस्वाभाविक नाही.

फेबरच्या मौनाचा अर्थ समजण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागू झाली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली आणि पुष्कळांनी गप्प राहणे पसंत केले. त्याच वर्षी कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्या व्यासपीठावरून आणीबाणीचा जाहीर निषेध केला. पुढे त्यांना कारावास सोसावा लागला. कादंबरीतील राज्ये आणि आणीबाणीचा काळ यांची तुलना सरसकट करता येणार नाही. येथे मुद्दा एवढाच की, बोलणाऱ्या एका विदुषीमुळे इतरांचे मौन किती अपरिहार्य होते, हा प्रश्न उघडा झाला.

'द हँडमेड्स टेल'च्या अखेरीस जोडलेले प्रकरण तर थेट आपल्याच वर्तुळातील आहे. इ. स. २१९५ मधील एक विद्वत्परिषद तेथे वर्णन केली आहे. गिलियड केव्हाच लयाला गेले आहे आणि प्राध्यापक पीक्सोटो हे निवेदिकेच्या कहाणीवर शोधनिबंध वाचत आहेत. ते विनोद करतात, श्रोते हसतात. गिलियडची निंदा करणे हे आपले काम नव्हे, समजून घेणे हे आपले काम, असा त्यांचा पवित्रा आहे. तिच्या यातनांपेक्षा तिचा मालक असलेला अधिकारी नेमका कोण होता, याचा शोध त्यांना महत्त्वाचा वाटतो. तिचे खरे नाव अखेरपर्यंत हाती लागत नाही. शास्त्रीय तटस्थता आणि नैतिक उदासीनता यांतील अंतर किती थोडे असते, हे अॅटवुड यांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे.

५. दोघांची भीती

या कादंबऱ्यांतील सत्ता प्रेमाला का घाबरते, याचे उत्तर पूर्वी उल्लेखिलेल्या अॅश यांच्या प्रयोगात सापडते. 'वुई'मध्ये स्त्री-पुरुष संबंध गुलाबी पावत्यांवर चालतात. हक्सलेंच्या जगात एकाच व्यक्तीशी दीर्घकाळ संबंध ठेवणे असभ्य मानले जाते. गिलियडमध्ये दासींना जोडीने फिरविले जाते, पण ती जोडी परस्परांवर पाळत ठेवण्यासाठी असते. वरवर पाहता कोठे निर्बंध, तर कोठे स्वैरता दिसते. हेतू मात्र एकच : कोणत्याही दोन माणसांत पूर्ण विश्वासाचे नाते तयार होऊ नये.

एक विश्वासू सोबती मिळाला की माणूस बहुमताविरुद्ध आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू शकतो. म्हणूनच विन्स्टनचा पराभव शारीरिक छळाने पूर्ण होत नाही. १०१ क्रमांकाच्या खोलीत तो ज्युलियाला सोडून देतो, तेव्हा तो पूर्ण होतो. उलट बाजूने पाहता, माँटॅगच्या परिवर्तनाची सुरुवात क्लॅरिस या मुलीच्या एका साध्या प्रश्नाने होते. तू सुखी आहेस का, एवढेच ती त्याला विचारते. अनुरूपतेवरील उपाय नेहमी मोठ्या चळवळीत असतो असे नाही. तो पुष्कळदा दोन माणसांच्या प्रामाणिक संभाषणात असतो. अध्यापक आणि विद्यार्थी यांचे नातेही अशा संभाषणाचे एक स्थान होऊ शकते.

६. समकालीन संदर्भ

या साहित्याचे महत्त्व शीतयुद्धाबरोबर संपले नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन गुप्तचर यंत्रणेच्या व्यापक पाळतीची कागदपत्रे उघड केली, तेव्हा 'नाइन्टीन एटी-फोर'च्या विक्रीत मोठी वाढ झाली. त्यापूर्वी २००९ मध्ये एक विलक्षण घटना घडली होती. प्रकाशनहक्काच्या वादामुळे अॅमेझॉन कंपनीने वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रांतून एका पुस्तकाच्या विकल्या गेलेल्या प्रती दूरस्थपणे काढून टाकल्या. ते पुस्तक 'नाइन्टीन एटी-फोर' हेच होते. सोबत ऑर्वेल यांचे 'अॅनिमल फार्म'ही होते. पैसे परत देण्यात आले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. यात कोणताही राजकीय हेतू नव्हता. तरीही छापील प्रत आणि पडद्यावरील प्रत यांतील फरक या घटनेने स्पष्ट केला.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. ऑर्वेल यांच्या 'बिग ब्रदर'चे नाव घेऊन १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये एक दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. त्याचीच भारतीय आवृत्ती २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत 'बिग बॉस' या नावाने आली. कादंबरीत ज्या पाळतीची धास्ती होती, ती येथे स्पर्धेचे बक्षीस आणि प्रेक्षकांची करमणूक बनली. ऑर्वेल यांचे यंत्र आणि हक्सले यांचे सुख येथे एकत्र आलेले दिसतात. ईटन येथे हक्सले यांनी काही काळ ऑर्वेल यांना फ्रेंच शिकविले होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून कादंबरीची प्रशंसा केली. मात्र भविष्यातील सत्ताधीशांना तुरुंगांपेक्षा बालपणापासूनचे संस्कार आणि गुंगी ही साधने अधिक सोयीची वाटतील, असे मतही नोंदविले. आज या दोघांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण उरलेले नाही.

७. काही आक्षेप

डिस्टोपियन कादंबरीवर प्रामुख्याने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ती निराशा पसरविते. डी-५०३ आणि विन्स्टन यांचा शेवट पाहता या आक्षेपात तथ्य वाटते. परंतु इशारा आणि भविष्यवाणी यांत भेद आहे. भविष्यवाणी खरी ठरावी अशी तिच्या कर्त्याची इच्छा असते. इशारा खोटा ठरावा म्हणूनच दिला जातो. 'नाइन्टीन एटी-फोर'ला जोडलेले न्यूस्पीकवरील परिशिष्ट नेहमीच्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे. त्यामुळे ती सत्ता कधीतरी संपली असावी, असाही अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक पक्ष या कादंबऱ्यांचा उपयोग विरोधकाला बडविण्यासाठी करतो. हे खरे आहे. ऑर्वेल यांची कादंबरी समाजवादाविरुद्ध आहे असा प्रचार होताच १९४९ मध्ये त्यांनी त्याचा खुलासा केला होता. आपला रोख समाजवादावर किंवा ब्रिटिश मजूर पक्षावर नसून सर्वंकष सत्तेच्या प्रवृत्तीवर आहे आणि ती कोठेही उद्भवू शकते, असे त्यांनी स्पष्ट केले. ही कादंबरी वाचून ज्याला फक्त दुसऱ्याचाच दोष दिसतो, त्याने ती अर्धीच वाचली असे म्हणावे लागेल.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

या कादंबऱ्या केवळ इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमापुरत्या मर्यादित ठेवणे योग्य नव्हे. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या सर्व विभागांना त्यांत चर्चेचा विषय सापडतो. अध्यापन करताना पुढील तीन प्रश्न उपयुक्त ठरतील : या समाजात नियंत्रणाचे काम प्रत्यक्ष कोण करते? त्या व्यक्तीला त्यातून काय मिळते? नकार देण्याची संधी तिला कोणत्या क्षणी होती?

मात्र येथे एक अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. 'फॅरनहाइट ४५१'वर दहा गुणांचा प्रश्न येणार म्हणून विद्यार्थी गाईडमधील सारांश पाठ करतो, आपण अपेक्षित प्रश्नसंच देतो आणि सर्वांच्या उत्तरपत्रिकांत तेच पाच मुद्दे त्याच क्रमाने येतात. बीटीने वर्णन केलेली प्रक्रिया ती हीच. पुस्तक जाळलेले नसते, पण वाचलेलेही नसते. अनुरूपतेविरुद्धचा इशारा अनुरूप उत्तरांतून शिकविणे, ही विसंगती दूर करण्याची जबाबदारी अन्य कोणाची नसून आपली आहे. अपेक्षेपेक्षा वेगळ्या, परंतु युक्तिवादाने सिद्ध केलेल्या उत्तराला पूर्ण गुण देणे, ही त्या दिशेने टाकलेली छोटी पण खरी पायरी ठरेल. हीच गोष्ट आपल्या सभांनाही लागू पडते. ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात होते, तेव्हा कोणाला काही वेगळे म्हणायचे होते काय, हे विचारण्याची सवय लावून घेणे आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

१) डिस्टोपियन कादंबरीचा मुख्य विषय यंत्र नसून संमती हा आहे. गणित, सुख, भाषा, करमणूक, परंपरा ही साधने बदलतात. व्यक्तीने स्वतःच स्वतःवर पहारा ठेवावा, हे उद्दिष्ट बदलत नाही.

२) अनुरूपता टिकते ती प्रामुख्याने एकाकीपणाच्या भीतीमुळे. एका सोबत्याचा आधारही ती मोडू शकतो. म्हणून विश्वासाची नाती आणि मोकळे संभाषण यांना या साहित्यात राजकीय महत्त्व आहे.

३) नियंत्रणाची यंत्रणा सुशिक्षितांच्या कौशल्यावाचून उभी राहत नाही. डी-५०३, माँड, विन्स्टन, साइम, फेबर आणि पीक्सोटो या पात्रांतून निर्माता, शासक, कारागीर, उत्साही समर्थक, मूक साक्षीदार आणि तटस्थ भाष्यकार अशा संमतीच्या विविध पायऱ्या दिसून येतात.

४) या साहित्याचे अध्यापन मूल्यमापनाच्या पद्धतीत बदल केल्याविना अपुरे राहते.

अॅटवुड यांच्या कादंबरीतील विद्वत्परिषद श्रोत्यांना प्रश्न विचारण्याचे आवाहन करून संपते आणि कादंबरीही तेथेच थांबते. सभागृहातून कोणता प्रश्न आला, हे लेखिकेने सांगितलेले नाही. त्या सभागृहात अभ्यासक आणि अध्यापक बसलेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे तो प्रश्न कोणी विचारावयाचा आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.